नव्या गाण्याचा न्याय

शासकीय नोकरीत वीस-बावीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड जडते. समोर आलेला कागद कोणत्या फायलीत जायचा, हे तो कागद पुरता वाचण्याआधीच ठरवू लागतो. फाइल ठरली की निम्मे काम झाले, असे त्याच्या मनाने घेतलेले असते. या सवयीमुळे दप्तर नीटनेटके राहते, यात शंका नाही. पण गाण्याच्या बाबतीत तिने माझ्या हातून एक अन्याय घडविला. आजचा विषय मला त्या अन्यायानेच सुचविला, म्हणून आरंभी त्याची हकीकत सांगतो.

नोकरीनिमित्त माझे वास्तव्य कोलकात्याच्या पूर्वेस न्यू टाउन या नव्या नगरात आहे. काही वर्षांपूर्वी तेथे एका छोट्याशा सांस्कृतिक कार्यक्रमाकरिता कलावंत निवडायचे होते. निवडसमितीत इतर दोघांबरोबर मीही होतो. अर्जाच्या नमुन्यात प्रकारांचे रकाने होते : रवींद्रसंगीत, नजरुलगीती, लोकगीत, आधुनिक गीत, शास्त्रीय. एक विशीतला मुलगा गिटार घेऊन आला. गाणे त्याचेच, चालही त्याचीच. विषय होता त्याच्या वडिलांची विकली गेलेली शेती आणि तिच्या जागी उभी राहिलेली इमारत, जिच्या फाटकाशी आता त्याचा भाऊ पहारा करतो. गाणे संपल्यावर मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो हा की, ‘‘यातला तुझा रकाना कोणता?’’ तो गोंधळला. ‘‘सर, हे माझे गाणे आहे,’’ एवढेच म्हणाला. आम्ही त्याचे नाव ‘आधुनिक’ या सदरात घातले, त्या सदरातील गोड गळ्यांशी त्याची तुलना केली आणि त्याला नापास केले. निर्णय नियमाला धरून होता. गाणे मात्र माझ्या डोक्यातून गेले नाही, आणि मला नापास करण्याचा अधिकार कोणी दिला होता, हा प्रश्नही गेला नाही.

नव्या गाण्याचा न्याय कसा करावा, हा प्रश्न कोलकात्याला नवा नाही. या शहराने तो अनेकदा चुकीचा सोडविला आहे आणि काही वेळा, उशिरा का होईना, बरोबरही सोडविला आहे. त्यांपैकी सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे १९९२ साली ग्रामोफोन कंपनीने ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या आपल्या मुद्रेखाली काढलेली एक कॅसेट. तिचे नाव ‘तोमाके चाई’, म्हणजे ‘मला तू हवीस’ किंवा ‘मला तू हवास’. बंगाली सर्वनामाला लिंग नसते, आणि या गाण्याची निम्मी जादू त्या एका व्याकरणाच्या सोयीत आहे. गायक होते सुमन चट्टोपाध्याय. पुढे २००० साली त्यांनी कबीर सुमन हे नाव घेतले. कॅसेट निघाली तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. या वयात गायकाची बहुधा दुसरी पिढी उदयाला आलेली असते; यांचा येथे पहिला खरा उदय होत होता.

ही कॅसेट काय होती, हे समजण्यासाठी तिच्या आधी बंगालमध्ये गाणे कसे तयार होत असे, ते थोडे पाहिले पाहिजे. ध्वनिमुद्रणाच्या धंद्याचे हे मूळ पीठ. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग या साहेबाने येथे गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरविला. १९०८ मध्ये सियालदा भागात तबकड्यांचा कारखाना निघाला आणि पुढे तो दमदमला गेला. या धंद्याने बंगाली ‘आधुनिक गान’ नावाचा एक प्रकार घडविला. त्यात कामाची वाटणी ठरलेली असे. शब्द गौरीप्रसन्न मजुमदारांसारख्या गीतकाराचे, चाल संगीतकाराची, गळा हेमंत मुखोपाध्याय किंवा मन्ना डे यांचा, आणि साथीला चांगला मोठा वाद्यवृंद. दुर्गापूजेच्या सुमारास नव्या तबकड्या निघत. लोक दिवाळी अंकांसारखी त्यांची वाट पाहत. आपल्याकडे भावगीताची घडण याहून फार निराळी नव्हती. ना. घ. देशपांड्यांची कविता गो. ना. जोशींच्या गळ्यातून तबकडीवर आली, तेव्हापासून कवी एक, गाणारा दुसरा, हा आपलाही रिवाज झाला.

या वाटणीत एक मोठा गुण होता. प्रत्येक अंग त्या अंगाच्या जाणकाराच्या हाती असे. पण कालांतराने त्यातूनच एक दोष उत्पन्न झाला. गाणे कोणाचेच राहीना. शब्दांतील ‘मी’ हा गीतकार नव्हता, गायक नव्हता आणि श्रोताही नव्हता. तो चांदण्यात उभा असलेला एक सर्वसाधारण प्रियकर होता. १९८९ च्या सप्टेंबरात हेमंतबाबू गेले, तेव्हा एक युग संपले असे सर्वांनी म्हटले. पुढे काय, हे मात्र कोणाला नीट सांगता येत नव्हते.

त्याच वर्षी सुमन परदेशातून परत आले होते. त्यांची पार्श्वभूमी ऐकणाऱ्यांना चमत्कारिक वाटेल. लहानपणापासून रवींद्रसंगीताची आणि ख्यालाची तालीम. तरुणपणी आकाशवाणीवर गायन. मग देश सोडून जर्मनीत ‘डॉइचे वेले’ आणि अमेरिकेत ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या नभोवाणी केंद्रांच्या बंगाली विभागांत नोकरी. मधल्या काळात निकाराग्वाचा प्रवास आणि त्यावर पुस्तक. म्हणजे हा मनुष्य पेशाने आपल्यासारखाच, ध्वनिक्षेपकासमोर बसून एका अदृश्य माणसाशी बोलणारा. माझ्या मते त्याच्या गाण्याची किल्ली येथे आहे. नभोवाणीवर बोलणारा मनुष्य सभेशी बोलत नाही, एकेकाशी बोलतो. ‘तोमाके चाई’ मधील आवाज तसाच एकेकाशी बोलतो.

त्या कॅसेटमध्ये शब्द त्यांचे, चाली त्यांच्या, गळा त्यांचा, आणि वाजविणारे हातही मुख्यतः त्यांचेच. वाद्यवृंद गेला, गिटार पुढे आली. विषय पाहा. ‘पेटकाटी चाँदियाल’ ही पतंगांच्या जातींची नावे आहेत, आणि गाण्यात पतंगांच्या आकाशाखाली सायकलरिक्षा ओढणारा एक कोवळा पोरगा आहे. ‘दश फुट बाई दश फुट’ म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीतला संसार. ‘तीन शतकेर शहर’ हे तीनशे वर्षांच्या कोलकात्याचे गाणे. शहराचा त्रिशतसांवत्सरिक उत्सव १९९० मध्ये होऊन गेला होता. ‘पागल’ हे रस्त्यावरच्या वेड्याचे. आणि शीर्षकगीतात नुसती यादी आहे : वेळांची, ऋतूंची, जागांची, मनःस्थितींची, प्रत्येक यादीच्या शेवटी तीच दोन शब्दांची मागणी. ती प्रेयसीकडे आहे, शहराकडे आहे की जगण्याकडेच आहे, हे ऐकणाऱ्याने ठरवावे.

आता या नव्या वस्तूचे मूल्यमापन कसे झाले, ते पाहू. तरुणांनी ती उचलून धरली, हे सर्वज्ञात आहे. पण जाणत्या मंडळींत जे आक्षेप निघाले, आणि असे गाणे आले की जे दर वेळी निघतात, ते शांतपणे तपासण्यासारखे आहेत. कारण त्यांत अडाणीपणा नव्हता. ते चांगल्या कानांनी घेतलेले आक्षेप होते.

पहिला आक्षेप असा की, हे गाणे नव्हे, हे बोलणे आहे. यात स्वरविस्तार नाही, आळवणी नाही, शब्दांची गर्दी फार. वस्तुस्थिती म्हणून हे काहीसे खरे आहे. पण वस्तुस्थिती सांगितली म्हणजे दोष सिद्ध होत नाही. आपल्या कीर्तनात, पोवाड्यात आणि लावणीच्या सवालजवाबातही बोलणे व गाणे यांची सीमा सतत ओलांडली जाते. प्रश्न शब्द किती आहेत हा नसून, चाल त्या शब्दांना वाहून नेते की शब्द चालीवर ओझे होतात, हा आहे. सुमन यांच्या चाली या कसोटीला उतरतात असे मला वाटते. बंगाली संभाषणात वाक्याचा सूर जेथे स्वाभाविकपणे चढतो, तेथेच त्यांची चाल चढते. जेथे माणूस दम घेतो, तेथे गिटारीचे दोन ठोके येतात. ही साधी दिसणारी गोष्ट ख्यालाच्या आणि रवींद्रसंगीताच्या तालमीवाचून साधत नाही. साधेपणा येथे अज्ञानातून आलेला नाही, निवडीतून आलेला आहे. समीक्षकाने ओळखावयाचा फरक हाच.

दुसरा आक्षेप गिटारीचा. हे वाद्य परके, ते बंगाली गाण्याला शोभत नाही. या आक्षेपाला इतिहास फार विनोदी उत्तर देतो. गिटार बंगालमध्ये १९९२ साली आली नाही. १९४० च्या दशकात ताऊ मो नावाचे हवाईयन कलावंत सहकुटुंब कलकत्त्यात राहिले, शिकविते झाले, आणि मांडीवर आडवी ठेवून धातूच्या दांडीने वाजवावयाची ती गिटार मध्यमवर्गीय घरांत पोहोचली. एके काळी ती तेथे आपल्याकडच्या पेटीसारखी घराघरांत दिसे. रवींद्रनाथांची गाणी तिच्यावर वाजत. खुद्द काझी नजरुल इस्लाम यांचे पुत्र काझी अनिरुद्ध हे नामांकित गिटारवादक होते. न्यू टाउनमध्ये ‘नजरुलतीर्थ’ नावाची मोठी वास्तू आहे. तिच्यासमोरून जाताना मला नेहमी वाटते की, विद्रोही कवीच्या घरातच जे वाद्य नांदले, त्याला परके म्हणणारे आपण कोण?

आणि परकेपणाचा निवाडा देण्याच्या बाबतीत आपल्या नभोवाणीचाही इतिहास निर्दोष नाही. १९४० साली आकाशवाणीने, तेव्हाच्या ऑल इंडिया रेडिओने, हार्मोनियमवर बंदी घातली. रवींद्रनाथांनाही ते वाद्य मानवत नसे. पेटीला श्रुती नाहीत, मींड नाही, ती साहेबाच्या देवळातून आलेली आहे, ही कारणे शास्त्रदृष्ट्या चुकीची नव्हती. तरीही महाराष्ट्रातील नाट्यगृहे, भजनी मंडळे आणि माजघरे पेटीच्या स्वरांनी भरलेली होती, आणि नभोवाणीच्या दारात मात्र तिला मज्जाव होता. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. तीस वर्षे एका प्रामाणिक निर्णयाने लोकांच्या कानाविरुद्ध दावा चालविला आणि शेवटी तो मागे घेतला. नियमाला धरून दिलेला निकालही अन्यायाचा असू शकतो, हे मला माझ्या समितीच्या आधीच कळायला हवे होते.

तिसरा आक्षेप अनुकरणाचा. एकटा मनुष्य, गिटार, सामाजिक आशय. म्हणजे हे बॉब डिलन आणि पीट सीगर यांचे बंगाली भाषांतर. सुमन यांनी आपले ऋण कधी लपविले नाही. डिलनच्या ‘ब्लोइंग इन द विंड’ चा बंगाली अवतार त्यांनीच केला, आणि १९९६ साली सीगर कोलकात्यास आले तेव्हा त्यांच्याबरोबर ते गायलेही. पण ऋण आणि चोरी यांतील भेद बंगालने तरी विसरू नये. ‘पुरानो सेई दिनेर कथा’ हे रवींद्रनाथांचे गाणे प्रत्येक बंगाली शाळेत म्हटले जाते. त्याची चाल ‘ऑल्ड लँग साइन’ या स्कॉटिश गीताची आहे. आज तिला कोणी परकी म्हणत नाही. कलम कोठून आणले, याची चौकशी पहिल्या वर्षी करणे क्षम्य आहे. झाडाला फळ धरल्यावर फळाची चव पाहावी. डिलनला २०१६ मध्ये साहित्याचे नोबेल मिळाले, तेव्हा गाणे हे साहित्य असते काय, म्हणून जगभर वाद झाला. मला आठवले की १९१३ साली ज्यांना ते पारितोषिक मिळाले, त्यांनी दोन हजारांहून अधिक गाणी रचली होती.

आक्षेपांचे एवढे झाले. आता स्तुतीविषयी बोलतो, कारण कित्येकदा स्तुतीच अधिक हानी करते. या कॅसेटनंतर लवकरच ‘जीवनमुखी गान’, म्हणजे जीवनाकडे तोंड असलेले गाणे, असे एक नामाभिधान रूढ झाले. १९९३ मध्ये नचिकेता चक्रवर्तींची ‘एई बेश भालो आछि’ आली, १९९४ मध्ये अंजन दत्तांची ‘शुनते कि चाओ’ आली. तिघांच्या प्रकृती वेगळ्या. नचिकेतांचा गळा आणि चीड निराळी. अंजनबाबूंच्या गाण्यांत अँग्लो-इंडियन गल्ल्यांची आणि दार्जिलिंगच्या शाळेची हळहळ. पण नाव एकच पडले, आणि नाव पडताच दुकानात त्याचा कप्पाही झाला.

वरवर पाहता हे नाव गौरवाचे आहे. परंतु त्याच्या पोटात दोन अन्याय आहेत. पहिला, पूर्वसूरींवरचा. ही गाणी जीवनमुखी, तर आधीची काय जीवनाकडे पाठ करून बसली होती? १९४९ साली सलिल चौधरींचे ‘गाँयेर बधू’ हेमंतबाबूंनी गायले. सुखी खेड्याला दुष्काळाने कसे खाल्ले, त्याचे ते गाणे. त्याहून अधिक जीवनाभिमुख काय असते? दुसरा अन्याय नव्या गायकांवरचा. नाव मिळाले की त्या नावाला शोभेल तेच गाणे त्यांच्याकडून मागितले जाते. दुःखी रिक्षावाला आणि दहा फुटांची खोली यांची मागणी वाढते. सुमन यांच्याच गाण्यांतील हळवा, खेळकर, शुद्ध प्रेमाचा भाग कोपऱ्यात राहतो. फायलीवरचे शीर्षक मग आतल्या कागदाला हुकूम करू लागते.

हे सारे यशाचे प्रश्न झाले. ज्यांना यशच आले नाही, त्यांची कथा याहून शिकविणारी आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यास गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या मित्रांनी ‘महीनेर घोडागुलि’ या नावाचा एक गायकसंच काढला. नाव घेतले जीवनानंद दासांच्या ‘घोडा’ या कवितेतून. बाउलांचे सूर, जॅझ, गिटार आणि शहरी तरुणाची अस्वस्थता यांचा तो मेळ होता. १९७७ ते १९७९ या काळात त्यांच्या तीन तबकड्या निघाल्या. पहिलीचे नाव ‘संविग्न पाखिकुल ओ कलकाता विषयक’. खप झाला नाही, दखल जवळजवळ घेतली गेली नाही, आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी संच मोडला. पोटामागे लागून मंडळी पांगली. १९९५ साली गौतमबाबूंनी नव्या गायकांना घेऊन ‘आबार बछर कुडि परे’ हे संकलन काढले आणि मग शहराला एकदम आठवण झाली. १९९९ मध्ये ते वारले. त्या संकलनातील एका गाण्याची चाल २००६ साली ‘गँगस्टर’ या हिंदी चित्रपटातून साऱ्या देशाने ऐकली. ऐकणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना तिचे घर ठाऊक होते.

१९७७ साली जे पडले, ते १९९२ साली का उभे राहिले? गुण हे एकच कारण नसते. एक तर साधन बदलले होते. तबकडी वाजविण्यास यंत्र लागे, ते थोड्यांकडे. कॅसेट स्वस्त, आणि एका कॅसेटवरून दुसरी उतरविता येई. वसतिगृहातल्या एका खोलीत आलेली कॅसेट आठवड्यात मजलाभर होई. दुसरे, ऐकणारा बदलला होता. आधीच्या पिढीने राजकारणात उत्तरे शोधली. ही पिढी प्रश्न घेऊन बसली होती. आणि तिसरे, जुने गाणे आता खरोखरच थकले होते, त्यामुळे नव्याला जागा होती. समीक्षकाने हे लक्षात ठेवावे की एखादी कृती पडली, याचा अर्थ ती वाईट असा होत नाही. काळाने आपले दार त्या दिवशी उघडले नव्हते, एवढाच होतो.

दार उघडे असूनही आतल्या पहारेकऱ्यांनी माणसाला बाहेर काढल्याचेही एक उदाहरण याच शहरात आहे. देवव्रत विश्वास हे रवींद्रसंगीताचे थोर गायक. त्यांच्या गायनशैलीवर आणि साथीच्या वाद्यांवर विश्वभारतीच्या संगीतमंडळाने आक्षेप घेतले. ध्वनिमुद्रणांना मान्यता मिळेना. अखेर १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी रवींद्रसंगीताचे ध्वनिमुद्रणच थांबविले, आणि आपल्या आत्मकथनाला ‘ब्रात्यजनेर रुद्धसंगीत’, म्हणजे बहिष्कृताचे कोंडलेले गाणे, असे नाव दिले. १९८० साली ते गेले. आज त्यांची ध्वनिमुद्रणे रवींद्रसंगीताचा ठेवा म्हणून ऐकली जातात. मंडळातील लोक दुष्ट नव्हते. रवींद्रनाथांचे गाणे बिघडू नये अशीच त्यांची कळकळ होती. पण राखणदाराच्या कळकळीने एका गळ्यातील कित्येक वर्षे आपल्याकडून कायमची नेली. ती आता कोणत्याही पुनर्विचाराने परत येणार नाहीत.

आणखी एक उदाहरण देऊन हा भाग संपवितो; ते शुद्ध वादनाचे आहे. कोलकात्याचे देवाशीष भट्टाचार्य गिटारीवर राग वाजवितात. हिंदुस्थानी संगीतात गिटार मानाने बसविण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात ब्रिजभूषण काब्रा यांचे. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनी वाजविलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६०च्या दशकातील तबकडी आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. देवाशीषबाबूंनी त्यापुढे जाऊन चतुरंगी, गांधर्वी आणि आनंदी ही तीन वाद्ये स्वतः घडविली. २००७ मध्ये बीबीसीच्या तिसऱ्या केंद्राचा विश्वसंगीताचा पुरस्कार त्यांना मिळाला, आणि २००८ सालच्या त्यांच्या ‘कॅलकटा क्रॉनिकल्स’ या ध्वनिमुद्रिकेला अमेरिकेतील ग्रॅमीचे नामांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. पण तेथेही कप्पा चुकला नाही. ‘विश्वसंगीत’ म्हणजे काय? जे त्यांच्या घरचे नाही, ते सारे. आपण गिटारीला परकी म्हणतो आणि परके लोक आपल्या रागाला परका म्हणतात; दोन्हीकडे वाजविणारा मात्र एकच असतो.

मग नव्या गाण्याचा न्याय करावा तरी कसा? सर्व नवे ते चांगले असे मानणे हा न्याय नव्हे. ते दुसरे टोक झाले. सुमन यांच्यामागून कितीतरी गिटारी आल्या, आणि त्यांतील बहुतेक आज आठवत नाहीत, हेही ठीकच झाले. मला तीन साधे नियम सुचतात. पहिला असा की, नाव ठेवण्याआधी ऐकावे, आणि एकदा नव्हे. पहिल्या ऐकण्यात आपण आपल्या सवयी ऐकतो. गाणे दुसऱ्या खेपेस ऐकू येऊ लागते. दुसरा असा की, जो दोष आपण दाखवितो, तो आपल्या आवडत्या जुन्या गाण्यातही आहे का, ते पाहावे. पेटी गोड लागत असेल तर गिटारीच्या परकेपणाविषयी बोलू नये. आणि तिसरा, सर्वांत कठीण : कलावंत काय करू पाहत होता, हे आधी त्याच्या बाजूने मांडता आले पाहिजे. न्यायालयात दोन्ही बाजू ऐकल्यावाचून निकाल देत नाहीत. समीक्षेत मात्र आरोपीच्या वतीने कोणी उभे राहत नाही. ते काम समीक्षकालाच करावे लागते.

महाराष्ट्राला हा धडा अगदीच अनोळखी नाही. मर्ढेकरांच्या कवितांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि ते निर्दोष सुटले. पण आज आपण त्यांच्यापासून नव्या मराठी कवितेचा काळ मोजतो. कुमार गंधर्वांच्या गाण्यावर घराण्याच्या अभिमान्यांनी किती वाद घातले, ते वृद्ध श्रोत्यांना आठवत असेल. २००३ साली संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी ‘आयुष्यावर बोलू काही’ हा कार्यक्रम सुरू केला, तेव्हाही ही कविता की गाणी, हा प्रश्न आपल्याकडे निघालाच. पु. ल. देशपांडे पन्नाशी गाठल्यावर बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहिले. त्या वयात विद्यार्थी होण्याची ती तयारी मला रसिकतेची खरी व्याख्या वाटते. रसिक तो, ज्याला अजून काही शिकायचे आहे.

आता पुन्हा न्यू टाउनकडे येतो. १९९२ साली ‘तीन शतकेर शहर’ हे गाणे निघाले, तेव्हा राजारहाटच्या या भागात भाताची शेते आणि माशांची तळी होती. नगर वसविणारे महामंडळ १९९९ मध्ये स्थापन झाले. रस्ते रुंद झाले, मनोरे उठले, तळ्याकाठी मोठे उद्यान झाले. तीन शतकांच्या शहराला आपले गाणे मिळायला तीन शतके लागली. या तीन दशकेही न झालेल्या नगराला अद्याप मिळायचे आहे. ते गाणे आपल्या अर्जाच्या नमुन्यातील कोणत्याही रकान्यात बसणार नाही, हे निश्चित. जी वस्तू अजून झालेली नाही, तिच्यासाठी रकाना आधी कोण आखणार?

त्या मुलाचा मी पुढे शोध केला. तो बंगलोरला गेल्याचे कळले. पत्ता मिळाला नाही. पुढच्या वर्षी समितीच्या नमुन्यात मी एक रकाना वाढवून घेतला. सहकाऱ्यांनी विचारले, त्याला नाव काय द्यायचे? मी ‘इतर’ असे सुचविले. नोकरीत इतकी वर्षे गेल्यावर याहून चांगले नाव सुचले नाही, हे कबूल करतो. तथापि, त्या रकान्यात त्या वर्षी दोन अर्ज आले, आणि या खेपेस मी प्रश्न विचारण्याआधी दोन्ही गाणी दोनदा ऐकली.

सप्टेंबरात विश्वकर्मापूजेच्या दिवशी कोलकात्याचे आकाश पतंगांनी भरते. न्यू टाउनच्या उंच इमारतींमधल्या फटींतूनही काही पतंग वर चढतात. कचेरीच्या खिडकीतून ते पाहत असताना आमच्या शिपायाने मला त्यांच्या जाती सांगितल्या : हा पेटकाटी, तो चाँदियाल. मला त्या दोघांतला फरक त्या दिवशी प्रथम कळला. गाणे मात्र मी कित्येक वर्षे ऐकत होतो.